बारा गावचं पाणी: जॉर्ज कोस्टाच्या प्रशिक्षकपदाची पार्श्वभूमी

१३ मार्च २०२१. कोविडमुळे मडगावच्या फातोर्डा मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सामना अतिरिक्त वेळेत जाणार असं वाटत असतानाच ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा चषक पहिल्यांदा उचलला. श्रेय स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला मिळालं, आणि ते रास्तच होतं. पण बिपिनची मुंबईतली पहिली दोन वर्षं दुसऱ्याच एका माणसाच्या हाताखाली गेली होती. तो बरोबर वर्षभरापूर्वी, मार्च २०२० मध्ये, बॅग भरून मुंबईतून निघून गेला होता. त्याचं नाव जॉर्ज कोस्टा.

वसईपासून मडगावपर्यंत कोस्टा या आडनावाचं कुणाला नवल वाटत नाही. शिवाय मुंबई सिटीचे प्रशिक्षक दर एक-दोन हंगामांनी बदलत आलेले. त्यामुळे हा गृहस्थ नेमका कोण, हे आपल्याकडे फारसं कुणी खोलात जाऊन पाहिलं नाही. युरोपचा सर्वोच्च चषक कर्णधार म्हणून उचललेला माणूस अंधेरीच्या मैदानाच्या कडेला हात बांधून उभा राहायचा, आणि आपण मात्र पुढचा परदेशी खेळाडू कोण येणार याच्या चर्चेत दंग असायचो.

गोष्ट सुरू होते पोर्तो शहरात. तिथेच १४ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याचा जन्म झाला. पोर्तुगालमध्ये राजधानी लिस्बन आणि उत्तरेतलं पोर्तो यांचं जुनं वाकडं आहे, आणि फुटबॉलमध्ये ते सगळ्यात ठसठशीत दिसतं. १९५९ नंतर एफसी पोर्तोने तब्बल १९ वर्षं साखळी विजेतेपद पाहिलं नव्हतं. १९७८ मध्ये जुझे मारिया पेद्रोतू या प्रशिक्षकाने ते मिळवून दिलं आणि त्याबरोबर क्लबला एक भाषाही दिली: सत्ता लिस्बनमध्ये आहे, आपल्याला कुणी काही देणार नाही, लागेल ते हिसकावून घ्यावं लागेल. १९८२ मध्ये पिंटू दा कोस्टा अध्यक्ष झाला आणि पुढची ४२ वर्षं त्याने हीच भाषा चालवली. १९८७ मध्ये क्लब युरोपियन चषक जिंकला. तेव्हाचा कर्णधार जुआंव पिंटू दोन नंबरची जर्सी घालायचा. पुढे ती जर्सी जॉर्ज कोस्टाकडे आली, आणि जर्सीबरोबर तो सगळा राग आणि इमानही आलं. मधल्या बचावात खेळणाऱ्या या आडदांड पोराचं टोपणनाव पडलं ‘बीशु’, म्हणजे जनावर. पोर्तोमध्ये ते शिवी म्हणून नाही, लाडाने म्हणत.

दुसरा धागा लिस्बनचा. कार्लुश कैरोश या शारीरिक शिक्षणाच्या शाळेतून आलेल्या माणसाने पोर्तुगालच्या युवा संघांची घडी बसवली. पहिल्या प्रतीचा खेळाडू म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं. पण प्रशिक्षण ही अभ्यासाची गोष्ट आहे, हे त्याने त्या देशाला पटवलं. १९८९ मध्ये रियाधला पोर्तुगालची मुलं २० वर्षांखालील विश्वविजेती झाली आणि १९९१ मध्ये घरच्या मैदानावर त्यांनी पुन्हा तो चषक जिंकला. लिस्बनच्या लूझ मैदानावर सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक, समोर ब्राझील, गोलशून्य बरोबरी आणि मग पेनल्टी शूटआउट. फिगो आणि रुई कोस्टा यांच्यासोबत त्या संघात जॉर्ज कोस्टाही होता. पोर्तुगालची ‘सुवर्ण पिढी’ म्हणतात ती हीच. या पिढीने वरिष्ठ गटात देशाला चषक काही दिला नाही, पण तिला घडवणारी पद्धत टिकली.

त्या पद्धतीची पोर्तोमधली शाखा म्हणजे विद्यापीठातले प्राध्यापक व्हितोर फ्राद. आधी धावून दम वाढवायचा, मग चेंडू, मग डावपेच, अशी वेगवेगळी वाटणी त्यांना मान्य नव्हती. सामन्यात जसं खेळायचं, सरावाचा प्रत्येक मिनिट त्याच विचाराभोवती गुंफायचा, आणि ताकदही त्यातूनच कमवायची, असं त्यांचं म्हणणं. आज ही गोष्ट सगळीकडे शिकवतात. जानेवारी २००२ मध्ये जुझे मोरिन्हो पोर्तोचा प्रशिक्षक झाला तेव्हा ती अजून बाहेरच्यांना फारशी माहीत नव्हती.

त्या वेळी आपला कर्णधार पोर्तोमध्ये नव्हताच. २००१ मध्ये तेव्हाचा प्रशिक्षक ओक्ताव्हियु मशादूने त्याला सामन्यातून बाहेर बोलावलं आणि याने कर्णधाराची पट्टी काढून भिरकावली. शिक्षा म्हणून संघातून हकालपट्टी झाली, आणि मग डिसेंबरमध्ये लंडनच्या चार्लटन क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, रवानगी. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला ‘टँक’ म्हणायला सुरुवात केली. बरं चाललं होतं, तो तिथेच रमलाही असता. पण मोरिन्होने उन्हाळ्यात त्याला परत बोलावून पट्टी पुन्हा दंडावर चढवली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: मे २००३ मध्ये सेव्हियाला सेल्टिकविरुद्ध ३-२ असा युएफा चषक, मे २००४ मध्ये गेल्सेनकिर्शेनला मोनॅकोविरुद्ध ३-० असा चॅम्पियन्स लीगचा चषक आणि वर्षअखेरीस योकोहामात आंतरखंडीय चषक.

खेळाडू कोस्टाची एक बाजू झाकून पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये पोर्तो–मिलान सामन्यानंतर टनेलमध्ये मिलानच्या जॉर्ज वेआने त्याला डोकं मारून नाक फोडलं. कोस्टाने आपल्याला वर्णद्वेषी शिव्या दिल्या, असं वेआचं म्हणणं होतं. कोस्टाने ते साफ नाकारलं. साक्षीदार न मिळाल्याने कोस्टावर कारवाई झाली नाही आणि वेआला सहा सामन्यांची बंदी आली. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. योगायोग असा, की पुढे एक लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि दुसरा आफ्रिकेतल्या एका राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक.

२००४ च्या त्या पोर्तो संघातून किती प्रशिक्षक निघाले याची गंमत आहे. नूनू इश्पिरितू सांतू तेव्हा राखीव गोलरक्षक होता, पुढे इंग्लंडमध्ये त्याने नाव काढलं. सर्जिओ कॉन्सेसांवने पोर्तोला तीन साखळी विजेतेपदं दिली. पेद्रू इमॅन्युएल, कोस्टिन्हा हेही त्याच वाटेने गेले. आणि मोरिन्होच्या हाताखाली प्रतिस्पर्ध्यांची टिपणं काढणारा एक तरुण होता, आंद्रे व्हिलाश-बोआश. त्याच्या नावाकडे लक्ष ठेवा, तो दोनदा परत येणार आहे.

कोस्टाने २००६ मध्ये बेल्जियममधल्या स्टँडर्ड लिएजकडून खेळून बूट टांगले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये, पस्तिशीत, पोर्तुगालमधल्या ब्रागा क्लबचा प्रशिक्षक झाला. तोच त्या हंगामातला ब्रागाचा तिसरा प्रशिक्षक. संघ चौथा आला, युएफा चषकात टॉटनहॅमने दोन्ही सामने ३-२ असे जिंकेपर्यंत टिकला. आणि ऑक्टोबरमध्ये कोस्टाला नारळ मिळाला. पोर्तुगीज फुटबॉलमध्ये याला एक खास शब्द आहे, त्याचा अर्थ ‘मानसिक चाबूक’. संघ ढेपाळला की प्रशिक्षक हाकलायचा, म्हणजे खेळाडू दचकून जागे होतात, असा समज. तीन मोठे क्लब सगळं खाऊन टाकतात, बाकीच्यांकडे पैसा नाही, आणि प्रशिक्षक मात्र उत्तम शिकलेले आणि भरमसाट. मग ते करणार काय? गाव सोडतात. पोर्तुगीज प्रशिक्षक जगभर दिसतात त्यामागे हुशारीइतकीच ही बेकारी आहे, आणि कौतुक करताना आपण दुसरा भाग विसरतो.

कोस्टाची सगळ्यात सुंदर कामगिरी मात्र घराजवळच झाली, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. देशाच्या दक्षिण टोकाला ओल्यांव हे मासेमारीचं गाव आहे. तिथला ओल्यानेन्से क्लब ३४ वर्षं वरच्या श्रेणीत पोचला नव्हता. २००८ मध्ये कोस्टा तिथे गेला, पोर्तोमधली पोरं लोनवर मागवली आणि पहिल्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून संघ वर नेला. पुढच्या वर्षी तो वरच टिकवला. अशा गावात असं काम केलेल्या प्रशिक्षकाला चहाचे पैसे आयुष्यभर द्यावे लागत नाहीत.

२०१० चा उन्हाळा. कोइम्ब्राच्या अकादेमिका क्लबने त्याला बोलावलं, कारण त्यांचा प्रशिक्षक पोर्तोला गेला होता. तो प्रशिक्षक म्हणजे व्हिलाश-बोआश. वयाने सहा वर्षं लहान, कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला. तो कोस्टाच्या घरात गेला आणि कोस्टा त्याने रिकामी केलेली खोली सांभाळायला. मे २०११ पर्यंत व्हिलाश-बोआशने पोर्तोला साखळी आणि युरोपा लीग जिंकून दिली. कोस्टाने त्याआधीच, डिसेंबरमध्ये, अकादेमिकाचा राजीनामा दिला होता. दोघांच्या कारकिर्दी एकमेकींना छेदून गेल्या त्या तिथे.

मग सुरू झाली भटकंती. बारा गावचं पाणी प्यायलेला असं आपण म्हणतो, इथे बारा हा आकडा कमी पडेल. २०११ मध्ये रुमानियातल्या सीएफआर क्लुजने त्याला घेतलं. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असताना, एप्रिल २०१२ मध्ये, शहरातल्या प्रतिस्पर्ध्याकडून हरल्यावर त्याला काढलं. काही आठवड्यांनी क्लुज विजेता झाला. चषकासोबतच्या फोटोत प्रशिक्षक म्हणून दुसराच माणूस उभा होता. त्यानंतर सायप्रसमध्ये दोन क्लब. २०१४ मध्ये पोर्तुगालमध्ये परत येऊन त्याने पासुश द फेरैरा हा बुडू लागलेला संघ प्लेऑफमधून वाचवला. आदल्याच वर्षी हा संघ देशात तिसरा आला होता, म्हणजे किती वेगाने घसरला होता ते कळावं.

त्याच वर्षी गॅबनने त्याला राष्ट्रीय संघ दिला. पिएर-एमेरिक ऑबामेयांग त्या वेळी भरात होता. २०१५ च्या आफ्रिका चषकात बुर्किना फासोला २-० हरवून सुरुवात छान झाली, पण काँगो आणि इक्वेटोरियल गिनीकडून हरून संघ बाहेर पडला. पुढचा चषक, जानेवारी २०१७ चा, खुद्द गॅबनमध्ये होणार होता. स्पर्धेला महिना-दोन महिने उरले असताना कोस्टाला काढून स्पेनच्या कामाचोला आणलं. गॅबनने तीन सामने बरोबरीत सोडवले आणि यजमान गटातच बाहेर गेले. मानसिक चाबूक दरवेळी चालतोच असं नाही. पुढे फ्रान्समधला तूर क्लब, तिथे दुसऱ्या श्रेणीतून घसरण. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई.

पोर्तुगीज प्रशिक्षक भारतात नवे नव्हते. कैरोशचा जुना साथी नेलू व्हिंगादा २०१६ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडला येऊन गेला होता. कोस्टाने मुंबईत भटक्या प्रशिक्षकाची नेहमीची युक्ती वापरली: ओळखीची माणसं सोबत घेतली. पोर्तोच्या युवा संघातून आलेला पाउलू मशादू कर्णधार झाला. सेनेगलचा मोदू सोगू तर अकादेमिका आणि क्लुज दोन्हीकडे त्याच्या हाताखाली खेळलेला. सुरुवात अडखळती झाली. घरच्या मैदानावर जमशेदपूरकडून ०-२, आणि ऑक्टोबरमध्ये फातोर्डाला एफसी गोवाकडून ०-५. मग कोस्टाने संघाला त्याला जमणारं शिकवलं: मागे घट्ट बसा, चेंडू मिळाला की सोगूला पळू द्या. डिसेंबरमध्ये केरळ ब्लास्टर्सला ६-१ हरवलं, सोगूचे चार गोल. त्या पराभवानंतर केरळच्या प्रशिक्षकाची, डेव्हिड जेम्सची, नोकरी गेली. मुंबई ३० गुणांसह तिसरी आली.

उपांत्य फेरीत पुन्हा गोवा. अंधेरीत १-५. दुसरा सामना मुंबईने फातोर्डात १-० जिंकला, पण तोवर पाणी डोक्यावरून गेलं होतं. मला आजही वाटतं, की त्या एका हंगामात, लोबेरा तेव्हा प्रशिक्षक असलेल्या गोव्याने मुंबईच्या मालकांना, आपल्याला कुठला फुटबॉल हवा, हे समोर उभं राहून दाखवून दिलं. पुढच्या हंगामात नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. या समूहाला चेंडू पायाशी ठेवणारा खेळ हवा असतो आणि कोस्टा तर प्रतिहल्ल्याचा भक्त. फेब्रुवारी २०२० मध्ये अंधेरीत चेन्नईयिनने मुंबईला १-० हरवून शेवटची प्लेऑफची जागा नेली. गोल केला लुसियन गोयानने, जो आधी मुंबईचाच होता. मुंबई पाचवी. कोस्टा गेला आणि लोबेरा आला, गोव्यातले बुमूस, जाहूह, फॉल आणि मंदार राव देसाई यांना घेऊन. बिपिन आणि गोलरक्षक अमरिंदर मात्र आधीपासून मुंबईतच होते.

पुढे कोस्टा घरी परतला. फारेन्से क्लब त्याच्या हाताखाली वरच्या श्रेणीतून घसरला, तो डाग लागला. अकादेमिको द विझेउ हा दुसऱ्या श्रेणीतला संघ मात्र त्याने २०२३ मध्ये लीग चषकाच्या उपांत्य फेरीत नेला. समोर होता एफसी पोर्तो, निकाल ०-३. मग एव्हीएस हा नवाकोरा क्लब. २०२३-२४ च्या पहिल्याच हंगामात त्याने तो प्लेऑफमधून वरच्या श्रेणीत चढवला. वरच्या श्रेणीत एव्हीएस खेळला तेव्हा प्रशिक्षक पुन्हा दुसराच होता, पण या वेळी कोस्टाला कुणी काढलं नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये पोर्तोच्या निवडणुकीत ४२ वर्षांची पिंटू दा कोस्टा यांची सत्ता उलटली. जवळपास ८० टक्के मतं घेऊन अध्यक्ष झाला तो व्हिलाश-बोआश. चौदा वर्षांपूर्वी ज्याने रिकामी केलेली खोली कोस्टाने घेतली होती, त्याने आता त्याला स्वतःच्या घरी बोलावलं, व्यावसायिक फुटबॉलचा संचालक म्हणून. हे प्रशिक्षकपद नव्हतं. दर सहा महिन्यांनी बॅग भरायची गरज नव्हती.

५ ऑगस्ट २०२५ रोजी पोर्तोच्या ओलिव्हाल सराव केंद्रात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच तो गेला. वय ५३. मोरिन्हो तेव्हा तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबचा प्रशिक्षक होता. त्या दिवशी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला क्लबच्या पत्रकार परिषदेत त्याला कोस्टाबद्दल विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी युरोपियन सामना होता, प्रश्न सामन्याचे यायला हवे होते. मोरिन्होला बोलता बोलता रडू आवरलं नाही.