पार्श्वभूमी : प्रसाद, पथ्य आणि परवाना

भाद्रपद जवळ आला की मुंबईतल्या मंडळांच्या बैठकीत वर्गणी आणि मंडपाच्या परवानगीबरोबर आता प्रसादाच्या नोंदणीचाही विषय निघतो. 'देवाच्या शिऱ्याला कसलं आलंय लायसन्स?' असं कोणीतरी म्हणतंच. या वादाचं मूळ 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात आहे. तो प्रत्यक्ष लागू झाला 5 ऑगस्ट 2011 ला.

या कायद्याच्या दृष्टीने अन्नाचा व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, व्यवसायच. खरा घोळ घातला तो 2011 च्या नियमावलीने. तिने लहान उत्पादकांच्या व्याख्येत फेरीवाल्यांबरोबर धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यालाही बसवलं. केटररला मात्र त्यातून वगळलं, त्याची वाट वेगळी. छोट्यांसाठी तेव्हा उलाढालीची मर्यादा होती 12 लाख आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये. म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हताच. बाप्पाचा प्रसाद भजीच्या गाडीच्या रांगेत उभा केला, हे झोंबलं. पण दुसरी बाजू खोडून काढणं कठीण आहे. सत्यनारायणाला सव्वा पावाचा शिरा घरात होतो आणि तासाभरात संपतो. मंडळाचा शिरा दुपारीच होतो. त्यात दूध आणि केळं असतं, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत झाकलेलं पातेलं रात्रीच्या आरतीपर्यंत तसंच राहतं. शिरा आंबायला तेवढा वेळ पुरतो. अशा वेळी प्रसादाचा नमुना बाजूला काढून ठेवा, कच्चा माल नोंदणी असलेल्या दुकानातूनच घ्या, या सूचनांत धर्मावर घाला कुठे आला, हे मला तरी दिसलेलं नाही.

गंमत म्हणजे 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सरकारने उलटी भूमिका घेतली. देवस्थानात मिळणारा प्रसाद करमुक्त, पण त्यात पडणाऱ्या साखर-तुपावर कर आहेच. हलवायाकडचा खव्याचा मोदक मात्र मिठाई, म्हणून त्यावर 5 टक्के. म्हणजे कर लावताना प्रसाद वेगळा आणि तपासताना तो इतर अन्नासारखाच.

'नैवेद्य मुळातच आरोग्याचा, मग तपासायचं काय?' हा युक्तिवाद याच वादात फार चालला. त्यात थोडं तथ्य आहे. संक्रांतीचा तीळगूळ, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पाडव्याचा कडुनिंब हे सगळं ऋतूला धरून आहे. पुढे गाडी घसरते. लसणाचे गुण आयुर्वेदाने भरभरून सांगितलेत, तरी पुष्कळ घरांत तो नैवेद्यात चालत नाही. तो आचारातून वर्ज्य झाला. शिवाय चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरितासोबत कांद्याची पात लागते, आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, त्यात मासळीही येते. 'सात्त्विक' अशी एकच यादी छापणाऱ्यांनी हे नैवेद्य कुठे बसवायचे ठरवलंय, कोण जाणे. पंचामृतातलं मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये, ही ताकीद तर आयुर्वेदाचीच.

जुन्या विधीत भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. पानाखाली पाण्याचं चौकोनी मंडल काढायचं, तुळशीपत्राने पाणी फिरवायचं आणि 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा' म्हणत पाचही प्राणांना आहुती द्यायची. यज्ञातलं उरलेलं खाणारे पापातून सुटतात, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे आधी अर्पण, मग उरलेलं आपलं. पौष्टिकतेचा हिशेब तिथे कोणी मांडलेला नाही.

2020 च्या जूनमध्ये केंद्राच्या कोविड नियमांनी देवळांत तीर्थ आणि प्रसाद देणंच थांबवलं. महाराष्ट्रातली देवळं त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली, तेव्हाही हातावर प्रसाद नव्हता. मग 2024 च्या सप्टेंबरमध्ये आंध्रातल्या एका मोठ्या देवस्थानाच्या लाडवातल्या तुपावरून देशभर गदारोळ झाला. ज्यांना नोंदणी म्हणजे अपमान वाटत होता, त्यांच्यातलेच काहीजण तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल मागू लागले. आता अनेक मंडळं हातावर कोरडी खिरापत किंवा पाकीटबंद लाडू ठेवतात, आणि महाप्रसादाचं जेवण केटररकडे देतात, म्हणजे परवान्याची काळजी त्याची.