आगीची तिजोरी वेगळी, चोराची वेगळी

घरासाठी तिजोरी घ्यायची म्हटलं की आपण आधी दोन गोष्टी विचारतो: केवढी घ्यायची, आणि कुलूप किल्लीचं की आकड्यांचं? मूळ प्रश्न मात्र मागेच राहतो. जपायचं आहे ते आगीपासून की चोरापासून? जाड दाराची पेटी दिसली की ती दोन्ही कामं करत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या दोन जातींच्या तिजोऱ्या वेगवेगळ्या संकटांतून जन्मल्या, आणि एकीचा गुण तो बऱ्याचदा दुसरीचा दोष ठरतो.

सोळाव्या-सतराव्या शतकात जर्मनीतल्या न्युरेंबर्ग आणि आसपासचे कारागीर लोखंडी पेट्या बनवत. पेटीच्या दर्शनी बाजूला किल्लीचं नक्षीदार भोक असे, पण ते निव्वळ फसवं. खरं भोक झाकणाच्या मधोमध दडवलेलं असायचं. त्यात किल्ली फिरवली की झाकणाच्या आतल्या चारही कडांचे खटके एकदम मागे सरकत. कित्येक पेट्यांच्या तळाला जमिनीशी जखडण्यासाठी भोकं ठेवलेली असत. ही शेवटची खबरदारी आजही तितकीच गरजेची आहे, कारण हलकी तिजोरी जागेवर फोडण्याच्या फंदात चोर पडतच नाही, सरळ उचलून नेतो. तरीही बोल्ट पिशवीतच ठेवून तिजोरी नुसती कपाटात सरकवणारे लोक काही कमी नाहीत.

आगीपुढे या पेट्यांचा काही इलाज चालत नसे. लोखंडातून उष्णता थेट आत पोचते, त्यामुळे पेटी शाबूत राहायची आणि आतले कागद करपून जायचे. व्यापाराचा सगळा डोलारा करारनामे आणि हिशेबाच्या वह्यांवर उभा राहिला तेव्हा हे महागात पडू लागलं. डिसेंबर १८३५ मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी भाग जळाला. थंडी इतकी कडाक्याची होती की आग विझवायचं पाणीच गोठत होतं. त्या काळात अग्निरोधक तिजोरीच्या खटपटीने जोर धरला. लिव्हरपूलच्या टॉमस मिलनर यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलं, तर अमेरिकेत डॅनियल फिट्झजेराल्ड यांनी १८४३ मध्ये भिंतींच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याचं पेटंट मिळवलं.

यातली मेख साधी आहे. प्लास्टर भिजवून घट्ट झालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, आणि जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा बांधलेल्या पाण्याचा असतो. आग लागली की हे पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि उष्णता त्यातच खर्ची पडते. पाणी संपेपर्यंत आतलं तापमान फार चढत नाही. अग्निरोधक तिजोरीवर मिनिटं किंवा तास लिहिलेले असतात ते म्हणूनच. ती आगीला कायमची अडवत नाही, काही काळ थोपवते.

आग विझल्यावरही धोका टळत नाही. १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर काही मालकांनी घाईघाईने तिजोऱ्या उघडल्या आणि ताजी हवा लागताच आतले तापलेले कागद भडकले. १९०६ मध्ये भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळालं, तेव्हा बँकांनी हा धडा ध्यानात ठेवून तिजोऱ्या निवेपर्यंत कित्येक दिवस दारांना हात लावला नाही.

चोरांविरुद्धची लढाई आधी कुलपावर लढली गेली. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगून ते उघडणाऱ्याला २०० गिनींचं आव्हान दिलं होतं. सुमारे ६० वर्षं ते कुणाला उघडता आलं नाही. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी आलेले अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्स यांनी ते उघडून दाखवलं. १६ दिवसांत विभागून त्यांना ५१ तास लागले. चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप तर त्यांनी अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. खरं पाहता ५१ तास कुठल्या चोराला मिळतात? पण ‘अभेद्य’ या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

पुढे चोरांनी कुलपाचा नाद सोडून दारावरच हल्ला सुरू केला. किल्लीच्या भोकातून बारूद भरतात म्हणून भोक नसलेली आकड्यांची कुलपं आली. मग चोर बँकेच्या माणसालाच रात्री धरून आकडे वदवून घेऊ लागले. त्यावर जेम्स सार्जंट यांनी १८७३ मध्ये वेळेचं कुलूप काढलं, म्हणजे ठरल्या वेळेआधी मालकालाही तिजोरी उघडता येऊ नये. चोर दाराच्या फटीत नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक द्रव ओतू लागले, तेव्हा फट न ठेवणारी गोल दारं आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅस कटर निघाला आणि दारात उष्णता पसरवणारे धातूंचे थर घालावे लागले. अशी प्रत्येक डावाला उत्तर देत चोराची तिजोरी जाड आणि वजनदार होत गेली. आगीची तिजोरी मात्र पातळ पत्रा आणि आत प्लास्टरसारखं भरण इतकीच राहिली. पहार आणि हातोडा घेऊन बसलेल्या माणसापुढे ती फार टिकत नाही.

विसाव्या शतकात विक्रेत्याच्या शब्दाची जागा हळूहळू चाचण्यांनी घेतली. अमेरिकेत १८९४ साली सुरू झालेल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या ‘टीएल-१५’ शिक्क्याचा अर्थ असा की, हत्यारं प्रत्यक्ष चालत असतानाचीच वेळ मोजली, तर दार १५ मिनिटं टिकलं. घरगुती तिजोऱ्यांसाठीची सर्वांत खालची पातळी जेमतेम ५ मिनिटांची असते. युरोपात ईएन ११४३-१ या मानकाच्या श्रेणी पाहतात. शिक्का कुठलाच नसेल आणि नुसतं ‘फायरप्रूफ’ लिहिलं असेल, तर मी ती जाहिरात समजतो.

आगीच्या शिक्क्यावर वेळेइतकंच तापमान महत्त्वाचं. कागदासाठीच्या यूएल वर्गात आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसपुढे जाऊ नये अशी अट असते. तेवढ्यात कागद वाचतो. हार्ड डिस्क आणि तत्सम साठवणीसाठी वेगळा वर्ग आहे. त्याची मर्यादा ५२ अंशांची आहे, शिवाय आर्द्रतेवरही बंधन आहे. भिंतीतल्या भरणाचा ओलावा एरवीही थोडा आत येत राहतो, म्हणून घड्याळं आणि दागिन्यांजवळ ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. आणि कागदांसाठी घेतलेल्या तिजोरीतच फोटोंची हार्ड डिस्क ठेवली असेल, तर तिची दुसरी प्रत घराबाहेर हवी.