छातीतील वेदना : हृदयजन्य व हृदयेतर

छातीत जाणवणारी वेदना, दाब, जळजळ किंवा आवळल्याची भावना हृदयाच्या अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे आहे की बरगड्या, स्नायू, अन्ननलिका, फुप्फुसावरण अशा अन्य अवयवांमुळे आहे, हे ठरविण्याची वैद्यकीय पद्धती. पहिल्या गटात हृद्‌शूल, म्हणजे श्रमाने येणारी आणि थांबल्यावर ओसरणारी कळ, आणि हृद्‌स्नायूचा अभिकोथ, म्हणजे बोलीतील हार्ट अटॅक, हे दोन विकार प्रामुख्याने येतात. दुसऱ्या गटातील बहुतेक कारणे निरुपद्रवी असतात. महारोहिणीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचे) विदारण, फुप्फुस रोहिणीतील रक्ताची गुठळी आणि छातीच्या पोकळीत हवा साठून फुप्फुस मिटणे यांचा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्यांच्या अडथळ्याशी संबंध नसला, तरी ते जिवावर बेतू शकतात. त्यांना निरुपद्रवी वेदनांत धरता येत नाही.

इतिहास : आयुर्वेदीय ग्रंथांत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक (तिन्ही दोषांचा) व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेत त्यांचे विवेचन सूत्रस्थानात व चिकित्सास्थानात अशा दोन ठिकाणी येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र अधिक महत्त्वाचे आहे. हा भाग मूळ ग्रंथाला नंतर जोडला गेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा काळ निश्चित सांगणे कठीण आहे. त्यात शूलाच्या प्रकरणात पार्श्वशूल व हृच्छूल असे दोन वेगळे विकार दिले आहेत. पार्श्वशूलात पोट फुगते, गुडगुडते, सुया टोचल्यासारखी वेदना होते आणि श्वास घेणे कष्टाचे होते. हृच्छूलात कफ व पित्ताने अडवलेला वायू रसासह हृदयस्थानी राहून श्वास कोंडणारी वेदना निर्माण करतो, आणि त्याची चिकित्सा हृद्रोगाप्रमाणे करावी असे सांगितले आहे. काही आधुनिक वैद्य हृच्छूल म्हणजेच आजचा हृद्‌शूल असे समीकरण मांडतात. ते जपून स्वीकारावे लागते, कारण हृद्‌शूलाचे मुख्य लक्षण, श्रमाशी असलेला संबंध, या वर्णनात नाही. मात्र बाजूच्या टोचणाऱ्या वेदनेपासून हृदयस्थानीची कोंडणारी वेदना वेगळी काढावी आणि तिचा उपचारही वेगळा असावा, हा विवेक त्यात स्पष्ट दिसतो.

हृद्‌शूलाचे पहिले वर्णन कोणाचे, हा पाश्चात्त्य वैद्यकातील अग्रक्रमाचा वाद १७६८ या एकाच वर्षाभोवती फिरतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन (१७१०–१८०१) यांनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये छातीच्या एका विकारावर निबंध वाचला. तो १७७२ मध्ये छापून आला. हेबर्डन यांच्या निबंधवाचनाच्या काही महिने आधी फ्रान्समधील बझाँसाँ येथील निकोला रून्यों यांनी कॅप्टन शार्ल नावाच्या अधिकाऱ्याच्या आकस्मिक मृत्यूसंबंधी एक पत्र लिहिले होते. या पत्राच्या आधारे फ्रेंच लेखकांनी हृद्‌शूलाच्या पहिल्या वर्णनाचा मान रून्यों यांना दिला. रून्यों यांनी मृत्यूचे कारण बरगड्यांच्या कूर्चांचे अस्थीभवन (त्यांचे हाडात रूपांतर) हे मानले होते, आणि त्या अधिकाऱ्याची लक्षणे वाचताना फुप्फुसविकाराचीही शंका येते. शिवाय ते वर्णन एकाच रुग्णाचे आहे. त्यामुळे तारखेने रून्यों आधीचे असले, तरी रोगवर्णनाचा मान हेबर्डन यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक ठरते. याही आधी इंग्लंडमध्ये राजकारणी व इतिहासकार एडवर्ड हाइड यांनी सतराव्या शतकात आपल्या वडिलांच्या अखेरच्या आजाराचे, डाव्या हातात उठणाऱ्या तीव्र वेदनेसह, वर्णन केले होते. ते वैद्यकीय हेतूने लिहिलेले नव्हते.

हेबर्डन यांचे निरीक्षण आजही जवळजवळ जसेच्या तसे वापरात आहे. रुग्णाला चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छातीत आवळल्यासारखे होते. आता जीव जाणार असे वाटते. तो उभा राहिला की त्रास नाहीसा होतो. पुढे त्यांनी आपण पाहिलेल्या सुमारे शंभर रुग्णांचा हिशेब दिला. त्यांत स्त्रिया फक्त तीन आणि बारा वर्षांचा एक मुलगा होता. बाकी सारे पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे पुरुष होते. रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रुग्णाचीही नोंद त्यांनी केली आहे. हा विकार हृद्‌रोहिण्यांचा आहे असे मात्र हेबर्डन यांनी म्हटले नाही. झटक्याच्या वेळी नाडी कधीकधी बिघडलेली नसते, हे त्यांनी मुद्दाम नोंदवले. हृद्‌रोहिण्यांकडे बोट दाखविण्याचे श्रेय एडवर्ड जेन्नर व केलेब पॅरी यांना दिले जाते. शल्यविशारद जॉन हंटर यांना हाच विकार असल्याचे जेन्नर यांनी ओळखले होते, पण गुरूला धक्का बसू नये म्हणून त्यांनी आपले मत छापले नाही. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील एका बैठकीत खडाजंगी झाली आणि तिथेच हंटर कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृद्‌रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. पॅरी यांचे विवेचन १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हृद्‌रोहिणी एकाएकी बंद झाली तर मृत्यू अटळच, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. कीव्ह येथील ओब्राझत्सोव्ह व स्ट्राझेस्को यांनी १९१० मध्ये आणि शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये ती दूर केली. हेरिक यांनी वर्णिलेला एक रुग्ण ५५ वर्षांचा, एरवी निरोगी समजला जाणारा गृहस्थ होता. बेताच्या जेवणानंतर तासाभराने त्याला छातीच्या खालच्या भागात जोराची कळ आली. मळमळू लागले, तेव्हा खाल्लेले बाधले असे समजून त्याने घशाशी गुदगुल्या करून उलटी काढली. कळ थांबली नाही. ५२ तासांनी तो दगावला, आणि शवविच्छेदनात डाव्या हृद्‌रोहिणीत गुठळी मिळाली. शंभरांहून अधिक वर्षांनीही हाच प्रसंग सोडा, ओवा, इनो यांच्या साक्षीने आपल्याकडे घरोघरी घडताना दिसतो, म्हणून तो येथे विस्ताराने दिला आहे.

निरुपद्रवी वेदनांचा अभ्यास स्वतंत्रपणे वाढला. अमेरिकेतील जेकब दा कॉस्टा यांनी १८७१ मध्ये यादवी युद्धातील सैनिकांची धडधड, दम व छातीदुखी वर्णिली. त्यांच्या हृदयात रचनात्मक दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात थॉमस ल्यूइस यांनी अशाच सैनिकांचा अभ्यास केला. आज यांतील पुष्कळांचे निदान चिंताविकार असे झाले असते, असे मानण्याकडे कल आहे. जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टीट्झ यांनी १९२१ मध्ये बरगडीच्या कूर्चेची वेदनायुक्त सूज वर्णिली. मुलांतील क्षणिक टोचणाऱ्या वेदनेचे वर्णन मिलर व टेक्सिडोर यांनी १९५५ मध्ये केले.

संभ्रमाचे शारीरिक कारण : हृदयातील वेदनावाहक तंतू अनुकंपी तंत्रिकांबरोबर (आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या मज्जातंतूंबरोबर) मज्जारज्जूच्या छातीच्या वरच्या खंडांत शिरतात. छातीची भिंत, हाताची आतली बाजू आणि अन्ननलिका यांचे तंतूही त्याच खंडांत येऊन पोहोचतात. मेंदूला मूळ स्थान नेमके ओळखता येत नाही, त्यामुळे हृदयाची वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. हृदयाच्या तळाचा भाग मध्यपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूंच्या पडद्याला, टेकलेला असल्याने त्या भागाच्या अभिकोथात मळमळ व उलटी अधिक दिसते. याउलट बरगड्यांच्या व त्वचेच्या वेदनेचे स्थान मेंदूला अचूक कळते. रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो तेव्हा ती वेदना छातीच्या भिंतीची असण्याचा संभव वाढतो, आणि उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, वळलेली मूठ ठेवतो तेव्हा हृदयाची. मुठीची ही खूण सॅम्युएल लेव्हाइन यांच्या नावाने ओळखली जाते. ती सूचक आहे, निर्णायक नाही.

निदान : तीन प्रश्नांना सर्वाधिक वजन आहे. वेदना उरोस्थीच्या मागे दाबल्यासारखी आहे का? ती श्रमाने किंवा मनस्तापाने येते का? विश्रांतीने किंवा जिभेखालच्या नायट्रेट गोळीने काही मिनिटांत ओसरते का? डायमंड व फॉरेस्टर यांनी १९७९ मध्ये या उत्तरांची वय व लिंग यांच्याशी सांगड घालून रोगाची शक्यता वर्तविण्याची रीत मांडली. दीर्घकाळ येणाऱ्या वेदनेसाठी ती उपयोगी पडली. पुढच्या पाहण्यांत तिचे अंदाज प्रमाणाबाहेर चढे असल्याचे दिसले. अमेरिकेतील हृद्रोग संघटनांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘विशिष्ट’ व ‘अविशिष्ट’ वेदना ही जुनी विभागणी सोडून हृदयजन्य, कदाचित हृदयजन्य व हृदयेतर अशी विभागणी सुचवली. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात दम लागणे, घाम सुटणे, गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते. अशांची बोळवण ‘अविशिष्ट’ म्हणून होत असे. हेबर्डन यांच्या यादीतील तीन स्त्रियांपासून चालत आलेली ही दृष्टी फार काळ टिकली आणि तिची किंमत स्त्रियांना मोजावी लागली.

हृदयाकडे झुकणारी चिन्हे अशी : वेदना दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात पसरणे, श्रमाशी संबंध, सोबत दरदरून घाम व उलटी. हृदयापासून दूर नेणारी चिन्हे म्हणजे दीर्घ श्वासाने, खोकल्याने किंवा कूस बदलल्याने वाढणारी, टोचणारी, दाबल्यावर तशीच्या तशी उमटणारी वेदना. काही सेकंदच टिकणारी चमक हृदयाची असणे संभवत नाही. आडवे झाल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारी वेदना परिहृदयशोथाकडे (हृदयावरणाच्या दाहाकडे) बोट दाखवते. एकाएकी चिरल्यासारखी उठून पाठीत जाणारी वेदना महारोहिणीच्या विदारणाची शंका निर्माण करते. नागिणीत पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीपासून छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, आणि त्या दिवसांत निदान बहुधा हुकते.

छातीच्या भिंतीची तपासणी साधी असली, तरी सावकाश करावी लागते. तर्जनीचे टोक उरोस्थीच्या कडेने दुसऱ्या बरगडीपासून खाली एकेका कूर्चा-सांध्यावर टेकवायचे, सारख्याच जोराने दाबायचे आणि रुग्णाला एकच विचारायचे, ‘हीच ती कळ का?’ दाबल्यावर दुखणे वेगळे आणि रुग्णाला घेऊन आलेली नेमकी तीच वेदना उमटणे वेगळे. कूर्चाशोथात बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीचे एकाहून अधिक सांधे दुखतात व सूज नसते. टीट्झ विकारात एखादाच, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा, सांधा सुजलेला असतो.

या चिन्हांवर किती विसंबायचे? अमेरिकेतील बहुकेंद्री पाहणीत (१९८५) टोचणारी वेदना असलेल्यांपैकी २२ टक्के, श्वासाबरोबर वाढणारी वेदना असलेल्यांपैकी १३ टक्के आणि दाबल्यावर वेदना पूर्णपणे उमटलेल्यांपैकी ७ टक्के रुग्णांना तीव्र हृद्‌विकार निघाला. घरगुती कसोट्यांची स्थिती याहून वाईट आहे. नायट्रेट गोळी अन्ननलिकेचे आकुंचनही सैल करते. २००३ मधील एका अभ्यासात गोळीने आराम पडलेल्यांचे प्रमाण हृद्‌रोहिणीविकार असलेल्यांत ३५ टक्के आणि नसलेल्यांत ४१ टक्के आढळले. आम्लनाशक घेतल्यावर बरे वाटणे किंवा ढेकर येऊन मोकळे वाटणे यावरूनही हृदय सुटले असे म्हणता येत नाही. नव्या किंवा टिकून राहिलेल्या वेदनेत निदान विद्युत् हृल्लेख, म्हणजे ईसीजी, आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) यांवरच होते. रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा असा संकेत आहे. पहिला आलेख निर्दोष आला तरी वेदना चालू असल्यास तो पुन्हा काढतात. ट्रोपोनिनही ठरावीक अंतराने दोनदा तपासतात, कारण ते वाढायला वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये मांडलेल्या ‘हार्ट’ गुणांकनात वेदनेचा इतिहास, आलेख, वय, धोकाघटक व ट्रोपोनिन यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. एकूण तीनपर्यंत गुण असलेल्यांचा धोका कमी समजतात.

भारतीय संदर्भ : दक्षिण आशियाई लोकांत पहिला अभिकोथ लवकर येतो. आंतरराष्ट्रीय ‘इंटरहार्ट’ अभ्यासात त्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर अन्य देशांत ५८.८ वर्षे आढळले. म्हणून चाळिशीतील माणसाला केवळ वयावरून निर्धास्त करणे येथे सुरक्षित नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत २०,४६८ रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना याहून अधिक वेळ लागला. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, आणि नेमका तोच वेळ ‘गॅस वर चढलाय’, ‘पित्त झालंय’, ‘उसण भरलीय’ या घरगुती निदानांत निघून जातो.

पंधरा-वीस मिनिटे टिकणारा दाब, सोबत घाम किंवा दम, किंवा नेहमीच्या जिन्यावर नव्याने येऊ लागलेली कळ, यांत घरी परीक्षा पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. हृदयविकाराचा दाट संशय असेल, आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, चालू रक्तस्राव किंवा पाठीत चिरत जाणारी वेदना नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम साधे अ‍ॅस्पिरिन चावून खाण्याचा सल्ला दिला जातो. १९८८ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत याहून कमी मात्रेनेही पाच आठवड्यांतील रक्तवाहिन्याजन्य मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले होते. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (जिभेखालची नायट्रेट गोळी) देणे टाळावे, कारण रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो.

मुलांतील वेदना : मुलांत व किशोरांत हृदयजन्य कारण क्वचित सापडते. सर्वांत ओळखीचा प्रकार मिलर-टेक्सिडोर यांनी वर्णिलेला आहे : मूल स्वस्थ, बहुधा वाकून बसलेले असताना छातीच्या डाव्या बाजूला बोटाएवढ्या जागी एकदम टोचते, श्वास घेतला की वाढते, म्हणून मूल श्वास उथळ ठेवते, आणि बहुधा तीनेक मिनिटांच्या आत सारे थांबते. तपासणीत काही सापडत नाही व उपचाराची गरज नसते. खेळताना येणारी वेदना, वेदनेबरोबर शुद्ध हरपणे, जवळच्या नात्यात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू किंवा पूर्वी झालेला कावासाकी रोग (लहान मुलांतील रक्तवाहिन्यांचा दाह), यांपैकी काहीही असेल तर मात्र मुलाची हृद्रोगतज्ज्ञाकडून तपासणी करतात.