पोस्टरवरची मुलगी आणि तिच्या घरचे

१९१७ साली अमेरिकेत हॉवर्ड चँडलर ख्रिस्टी या चित्रकाराचं एक भरतीचं पोस्टर गाजलं. नौसैनिकाचा ढगळ गणवेश चढवलेली एक तरुणी खट्याळ हसते आहे आणि म्हणते आहे, ‘मी पुरुष असते ना, तर नौदलातच गेले असते!’ खाली आवाहन होतं, मर्द असाल तर भरती व्हा. चित्र बाईचं असलं तरी पोस्टर बायकांसाठी नव्हतंच. भरतीला टाळाटाळ करणाऱ्या पोरांना काढलेला तो चिमटा होता.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांच्या लक्षात आलं, की १९१६च्या कायद्यात राखीव नौदलात घ्यायची व्यक्ती पुरुषच हवी असं कुठे लिहिलेलंच नाही. कचेऱ्यांत कारकून कमी पडत होते. २१ मार्च १९१७ला लोरेटा वॉल्श ही पहिली बाई रीतसर भरती झाली आणि युद्ध संपेपर्यंत अशा अकरा हजारांवर बायका नौदलात आल्या. ‘मी पुरुष असते ना’ म्हणणाऱ्या चित्रासाठी जिने गणवेश घातला, ती बर्निस स्मिथही त्यांत होती. पुरुष व्हायची गरज तिला पडली नाही.

ब्रिटनने १९१७मध्येच बायकांचं साहाय्यक दल उभारलं. दोन्ही देशांत मांडणी सारखीच होती: टंकलेखन, स्वयंपाक, टेलिफोन, भांडारातली नोंदणी ही कामं बायकांनी उचलायची, म्हणजे तिथले पुरुष आघाडीवर जातील. युद्ध संपल्यावर बायकांना घरी पाठवलं गेलं आणि पोस्टरं संग्रहालयात गेली. मांडणी मात्र जशीच्या तशी जपून ठेवली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात ती अंगाशी आली.

१९३८मध्ये ब्रिटनने एटीएस हे लष्कराचं महिला दल पुन्हा उभारलं. त्यात यायला मुली नाखूश होत्या. गडद निळ्या गणवेशाच्या नौदलाला मुलींची पहिली पसंती, हवाई दलही चालेल. पण एटीएस म्हणजे खाकी गणवेश, खाकी मोजे आणि भांडी घासणं, असा समज पक्का झाला होता. १९४१मध्ये हा समज पुसायचं काम एब्रम गेम्स या तरुण चित्रकाराकडे आलं. त्याने एका मुलीचा बाजूने दिसणारा चेहरा काढला. सोनेरी केस, लालचुटूक ओठ, टोपीची सावली आणि एका अंगाने पडलेला उजेड, म्हणजे थेट सिनेमाच्या जाहिरातीचा थाट. आज ते चित्र पाहिलं तर डोळ्यांत भरतं ते त्यातलं कसब. तेव्हा भरली ती लिपस्टिक. संसदेत तक्रार झाली, की असल्या चित्राने भलत्याच मुली येतील आणि भल्या घरच्या मुलींना आईबाप पाठवणार नाहीत. पोस्टर मागे घेण्यात आलं.

या एका प्रसंगात सगळी गोम आहे असं मला वाटतं. पोस्टर लागतं मुलीसाठी, पण ते वाचतो तिचा बाप, आई, भाऊ, होणारा नवरा आणि शेजारपाजार. मुलगी भुलावी म्हणून चित्र देखणं करावं, तर घरचे बिचकतात. घरच्यांसाठी सोज्वळ करावं, तर मुलगी ढुंकूनही बघत नाही. एटीएसमधल्या मुलींच्या वागण्याबद्दलची कुजबुज इतकी वाढली, की सरकारने व्हायलेट मार्कहॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बदनामीला आधार नाही, असं तिने १९४२मध्ये सांगितलं. पण त्याआधीच, डिसेंबर १९४१मध्ये, सरकारने पोस्टरवरचा भरवसा सोडून २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींवर कायद्यानेच सक्ती केली होती. पुढे एटीएसची संख्या दोन लाखांवर गेली. विमानवेधी तोफांच्या मिश्र तुकड्यांत या मुली विमानाचं अंतर मोजायच्या, नेम कुठे धरायचा त्याचं गणित करायच्या. तोफ डागायची मात्र पुरुषानेच, हा नियम शेवटपर्यंत टिकला. पोस्टरांवरही मुलगी यंत्राशी दिसते, तोफेच्या घोड्याशी नाही.

अमेरिकेत सक्ती नव्हती, त्यामुळे सगळा भार जाहिरातीवर. मे १९४२मध्ये लष्कराचं महिला दल स्थापन झालं आणि ओवेटा कल्प हॉबी संचालक झाल्या. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांना विचारलं गेलं, मेकअप चालेल का, अंतर्वस्त्रंही खाकीच का, लग्नाआधी दिवस गेले तर काय? वेतनाबद्दलची किंवा कामाबद्दलची उत्सुकता त्यामानाने बेताचीच. भरतीच्या पुस्तिकाही मग प्रश्नोत्तरांच्या वळणाने लिहिल्या गेल्या: लग्न करता येईल का, राहायची सोय कशी, सुट्टी किती. नौदलाने तर गणवेशाचा आराखडा मेनबोशेर या नामांकित फॅशनकाराकडून करवून घेतला आणि तो गणवेशच त्यांची सगळ्यांत चांगली जाहिरात ठरला. पोस्टरांवर जवळजवळ सगळे चेहरे गोरे. लष्कराच्या या दलात साडेसहा हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय बायका होत्या, नौदलाने तर त्यांना १९४४च्या ऑक्टोबरपर्यंत दारच उघडलं नाही.

आणि मग ती जुनी मांडणी: एका पुरुषाला लढायला मोकळं करा. कागदावर देशभक्तीचं वाटणारं हे वाक्य घरात कसं ऐकू जात असेल? कचेरीत सुखरूप बसलेल्या शिपायाला मोकळं व्हायचं नव्हतं. त्याच्या आईला तर मुळीच नाही. तुझ्या लेकीने गणवेश घातला म्हणून माझा मुलगा आघाडीवर गेला, असा त्या घोषवाक्याचा साधा सरळ अर्थ होतो. १९४३मध्ये या दलाबद्दल गलिच्छ अफवांचं पेव फुटलं. जूनमध्ये न्यू यॉर्कच्या एका दैनिकातल्या स्तंभात आलं, की या मुलींना संततिनियमनाची साधनं वाटणार. ते मागे घ्यावं लागलं, पण तोवर घराघरांतून मुलींना परत या म्हणून पत्रं जाऊ लागली होती. यामागे शत्रूचा हात असेल या संशयाने लष्करी गुप्तहेर खातं आणि एफबीआय कामाला लागले. निघालं असं, की अफवा पसरवण्यात आपलेच शिपाई पुढे होते. त्याच उन्हाळ्यात हे दल साहाय्यक न राहता रीतसर लष्कराचा भाग झालं, आणि राहायचं की जायचं हे निवडायची मुभा मिळताच सुमारे एक चतुर्थांश जणी घरी गेल्या. नंतरच्या जाहिरातींत पुरुषाला मोकळं करण्यापेक्षा तुला कुठलं काम आवडेल यावर भर आला. हे शहाणपण जरा उशिराच सुचलं.

आपल्याकडे १९४२मध्येच ब्रिटिश सरकारने भारतातलं महिला साहाय्यक दल काढलं. भारतीय मुलींना खाकी साडीची मुभा होती, म्हणजे इथेही घरच्यांचा विचार झालाच. नौदल शाखेच्या कल्याणी सेन १९४५मध्ये ब्रिटनला गेल्या, तेव्हाच्या छायाचित्रात त्या साडीतच आहेत. पण त्याच १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला होता. राष्ट्रीय वळणाच्या मराठी घरात सरकारी दलाच्या माहितीपत्रकाचं काय होत असेल, हे सांगायला नको. दुसरीकडे सिंगापुरात ९ जुलै १९४३ला सुभाषबाबूंनी भर सभेत बायकांची पलटण मागितली आणि तिला नाव दिलं झाशीच्या राणीचं. तिथे बायकांना पुरुषांची जागा भरायला बोलावलं नव्हतं, बंदूक धरायलाच बोलावलं होतं. मलायातल्या रबरमळ्यांवरच्या तमिळ मुली त्यात आल्या. त्यांतल्या बहुतेकींनी झाशी कधी पाहिलीही नसेल.

स्वतंत्र भारतात परिचर्या आणि वैद्यकीय सेवा सोडल्या, तर १९९२पर्यंत लष्कराची जाहिरात मुलींसाठी नसायचीच. प्रिया झिंगन यांनी मुलींना का घेत नाही, असं थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून विचारलं होतं. पुढे जाहिरात आली, त्या चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या आणि ६ मार्च १९९३ला पहिल्या तुकडीतल्या २५ जणी अधिकारी झाल्या, त्याही पाच वर्षांच्या बोलीवर. कायमस्वरूपी सेवेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२०मध्ये सुटला.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, दार मात्र जाहिरातीतल्याच दोन शब्दांनी बंद होतं: ‘अविवाहित पुरुष’. १९१६च्या त्या अमेरिकी कायद्यात जो शब्द लिहायचा राहून गेला होता, तो आपण न विसरता लिहीत आलो होतो. ऑगस्ट २०२१मध्ये न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू दिलं. २०२२मध्ये १९ मुली आत गेल्या आणि ३० मे २०२५ला त्यांतल्या १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या दिवशी प्रेक्षकांत त्यांचे आईबाप होते.