फोनमधला डीएनएस वेगळा, डोमेनचा नेमसर्व्हर वेगळा

साइट उघडत नसली की 'डीएनएस बदलून बघ' असं सगळे सांगतात (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, शोधणारी यंत्रणा), पण कुठला डीएनएस हे कुणी सांगत नाही आणि घोळ तिथेच होतो, कारण वायफायच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ टाकणं आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलंय तिथे लॉगिन करून नेमसर्व्हर बदलणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत.

फोनमध्ये टाकतो तो रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्यासाठी आयपी शोधून आणणारा सर्व्हर. गुगलचा ८.८.८.८ २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ २०१८ मध्ये आला, आणि आपण काहीच टाकलं नाही तर बहुतेक वेळा ब्रॉडबँडवाल्याचाच असतो. याच्याकडे स्वतःची माहिती नसते, तो विचारत जातो. आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्या डीएनएस सर्व्हरला, तो म्हणतो डॉट कॉमवाल्यांना विचार, ते म्हणतात या डोमेनचे नेमसर्व्हर हे घे, आणि तिथे गेल्यावर मग एकदाचा आयपी मिळतो. मिळालेलं उत्तर काही वेळ जपून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी लगेच सांगतो.

तो शेवटचा नेमसर्व्हर म्हणजे ऑथोरिटेटिव्ह, त्या डोमेनचं अधिकृत उत्तर देणारा. आपल्या साइटचा आयपी, मेल कुठे पोचवायचे हे सांगणारे एमएक्स रेकॉर्ड, सगळं तिथे लिहिलेलं असतं. तो कुणालाच विचारायला जात नाही, आणि त्याला भलत्याच डोमेनबद्दल विचारलं तर सरळ नकार देतो.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल, आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टा सगळं एकदम बंद. मेंटेनन्सच्या एका कमांडमुळे फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारं नेटवर्कच तुटलं, ते तुटलेलं बघून त्यांच्या नेमसर्व्हरांनी स्वतःकडे येण्याचे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले, म्हणजे मशीन चालू पण तिथपर्यंत पोचायला रस्ताच नाही. अशा वेळी फोनमध्ये ८.८.८.८ टाका नाहीतर १.१.१.१, दोघेही जाऊन त्याच बंद दारावर थांबणार. सहाएक तास लागले परत यायला.

याउलट साइट मोबाइल डेटावर उघडतेय आणि घरच्या वायफायवर नाही, तर रिझॉल्व्हरवर संशय घ्या, तिथे मात्र बदलून खरंच फरक पडू शकतो.

होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलीय ती जागा, बदलताना हा फरक फार कामाला येतो. आपण नवीन आयपी टाकला तरी जगभरच्या रिझॉल्व्हरांकडे जुनं उत्तर असतं आणि ते किती वेळ ठेवायचं हे रेकॉर्डच्या टीटीएलवर, म्हणजे सेकंदांत दिलेल्या मुदतीवर, ठरतं, ३६०० म्हणजे एक तास. म्हणून एक दिवस आधीच तो ३०० करून ठेवा. पण नेमसर्व्हरच बदलत असाल तर डॉट कॉमच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे सगळ्या डॉट कॉम डोमेनांच्या नोंदवहीतल्या, नोंदीचा टीटीएल ४८ तासांचा असतो, तो आपल्या हातात नाही. तेवढे दोन दिवस जुनं होस्टिंग बंद करू नका, आणि नवीन नेमसर्व्हरवर एमएक्स रेकॉर्ड आधी टाका, साइट दिसतेय म्हणून निवांत बसलात तर तिकडे मेल यायचे थांबलेले असतात.