एरावन

एरावन : थायलंडच्या पुराणकथांतला इंद्राचा हत्ती. संस्कृतात ऐरावत, पालीत एरावण, थाई उच्चारात एरावन. मराठी वाचकाला ऐरावत ठाऊक असतो तो समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांपैकी एक म्हणून, आणि थोरपणापायी अंकुशाचा मार खाणारा म्हणून. थायलंडमध्ये रुजलेली त्याची जन्मकथा बौद्ध आहे. ती एका गावातल्या कष्टांची आहे, आणि तिच्यात समुद्राच्या जागी लाकूड आहे. थाई काष्ठशिल्पातला एरावन पाहण्याआधी ही कथा माहीत हवी.

धम्मपदाच्या पाली अट्ठकथेनुसार, म्हणजे टीकाग्रंथानुसार, इंद्र पूर्वजन्मी मगध देशातला मघ नावाचा तरुण होता. बत्तीस सोबत्यांना घेऊन तो रस्ते नीट करी, वाटसरूंची सोय पाही. गावच्या अधिकाऱ्याने राजाचे कान भरले की हे चोर आहेत. राजाने सगळ्यांना हत्तीच्या पायी द्यायला फर्मावले, पण हत्ती पाऊल पुढे टाकेना. खरे काय ते कळल्यावर राजाने तोच हत्ती त्यांना बक्षीस दिला. मग या तेहतीस जणांनी चव्हाट्यावर धर्मशाळा बांधायला घेतली आणि त्यासाठी एक सुतार गाठला. बायकांना या पुण्यात वाटा द्यायचा नाही, असे पुरुषांचे ठरले होते. मघाच्या घरची सुधम्मा गुपचूप सुताराकडे गेली. त्याने लाकूड तोडून वाळवले, तासले, छताच्या माथ्यावर बसवायची कर्णिका घडवली आणि कापडात गुंडाळून तिच्या घरी ठेवली. छत चढवायच्या दिवशी तो म्हणाला, कर्णिका राहिलीच, आणि आज तोडलेल्या ओल्या लाकडाची ती होत नाही, आधी तोडून मुरवलेलेच लाकूड लागते. शोधत शोधत पुरुष सुधम्मेच्या दारी आले. तिने पैसे नाकारले, वाटा मागितला. मरणानंतर मघ इंद्र झाला, हत्ती एरावण झाला आणि सुतार विश्वकर्मा. स्वर्गातल्या देवसभेला नाव मिळाले ते सुधम्मेचे.

हत्ती आणि सुतार एकाच पुण्यातून देवपदाला गेले, हा या कथेचा गाभा. थाई लोक विश्वकर्म्याला ‘फ्रा वित्सनुकम’ म्हणतात. बँकॉकच्या लांबलचक औपचारिक नावाच्या शेवटी ‘सक्कथत्तिय वित्सनुकम्प्रसित’ असे शब्द येतात: शक्राने म्हणजे इंद्राने दिलेली, विश्वकर्म्याने सिद्धीस नेलेली नगरी. शहराच्या अधिकृत बोधचिन्हात एरावनावर बसलेला इंद्र आहे.

स्वर्गात जनावरे नसतात, असे ही परंपरा मानते. म्हणून एरावन हा मुळात देवपुत्र आहे. इंद्राला उद्यानात जायचे असले की तो हत्तीचे रूप घेतो. त्याला तेहतीस मस्तके, म्हणजे मघ धरून प्रत्येक सोबत्याला एक. चौदाव्या शतकातल्या सुखोथाई या थाई राज्याच्या लिथाई राजाच्या नावे असलेल्या ‘त्रैभूम’ या विश्ववर्णनपर ग्रंथातही हेच रूप येते. प्रत्येक मस्तकाला सात सुळे, प्रत्येक सुळ्यावर सात पुष्करिणी, प्रत्येक पुष्करिणीत कमळाच्या सात वेली, वेलीला सात फुले, फुलाला सात पाकळ्या आणि पाकळीवर सात अप्सरा नाचताना. गुणाकार केला तर अप्सराच होतात ३८,८२,४१७.

हे लाकडात उतरवणार कसे? कारागिरांनी तेहतीस मस्तकांची तीन केली आणि तोच संकेत ठरला. समोरून पाहिले तर मधले तोंड आपल्याकडे असते आणि बाजूची दोन डावी-उजवीकडे वळलेली. मंदिराच्या दर्शनी बाजूचा छपराखालचा त्रिकोण, ज्याला थाईत ‘ना बान’ म्हणतात, त्यात ही आकृती अचूक बसते. खाली हत्तीचा रुंद पाया, वर निमुळता होत गेलेला इंद्र आणि त्याचा मुकुट. उरलेल्या जागेत वेलबुट्टी, तिच्यावर सोन्याचा वर्ख. बँकॉकच्या वाट सुथात या मंदिराच्या मुख्य विहारावर असा लाकडी एरावन आहे. (‘वाट’ म्हणजे मंदिर.) या मंदिराचे नावच इंद्राच्या सुदर्शन नगरीवरून आले आहे. बांधकाम १८०७ मध्ये सुरू झाले. विहाराचे भव्य दार कोरण्यात राजा दुसरा राम याने स्वतः हात घातला होता, अशी परंपरा आहे. त्या दारावर जाड लाकडात थरावर थर असे दाट रान आणि त्यातली जनावरे कोरली आहेत. राजाने हाती पटाशी धरावी, यात त्या काळी लाकूडकामाला असलेला मान दिसतो.

बँकॉकमधील ‘एरावन देवस्थान’ (१९५६) मात्र एरावनाचे नाही. तिथली मूर्ती चतुर्मुख ब्रह्म्याची आहे. शेजारच्या हॉटेलच्या नावावरून ते नाव पडले. भाविक तिथे लाकडी हत्ती वाहतात.

एरावनाच्या गोतावळ्यात इतरही आहेत. सिंहाच्या धडाचा, हत्तीच्या तोंडाचा ‘खोचसी’ म्हणजे गजसिंह. हत्तीचे डोके असलेला ‘हत्सदिलिंग’ हा पक्षी, ज्याच्या प्रतिकृतीवर उत्तरेत आणि ईशान्येकडे थोर भिक्षूंची शवपेटी ठेवतात आणि दोन्ही एकत्र अग्नीला देतात. आणि ‘फ्रा फिकनेत’, म्हणजे आपला विघ्नेश. थायलंडमध्ये तो कलांचा अधिपती मानला जातो, सरकारच्या ललितकला विभागाचे चिन्हही तोच आहे.

आज लाकडी हत्तींचे मोठे केंद्र म्हणजे उत्तरेचा चियांग माई प्रांत. तिथल्या बान थवाई गावात दुकानामागून दुकाने कोरीवकामाची आहेत. सान कांफेंग भागात शिल्पकार फेत विरिया यांनी उभारलेले ‘बान चांग नाक’ आहे. उत्तरेच्या बोलीत याचा अर्थ ‘पुष्कळ हत्तींचे घर’. इथले हत्ती तीन तोंडांचे किंवा मुकुटधारी नसतात; ते रानातले, सुरकुतलेल्या कातडीचे असतात.

१९८९ मध्ये थायलंडने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केली. ओंडके ओढणारे खरे हत्ती बेकार झाले आणि कोरणाऱ्यांचा सागही महागला. बरेच कारागीर वर्षावृक्षाकडे वळले, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरणारा तोच रेन ट्री. सागापेक्षा हे लाकूड हलके. त्याचा गाभा गडद तपकिरी आणि सालीलगतचा भाग फिकट पिवळा असतो, त्यामुळे एकाच हत्तीच्या अंगावर दोन रंग उतरतात. सोंड मात्र कुठल्याही लाकडात जपूनच काढावी लागते. लाकडाची शीर, म्हणजे तंतूंची दिशा, सोंडेच्या लांबीला धरली तर सोंड टिकते, शीर आडवी आली की पहिल्या धक्क्याला मोडते. सुळे म्हणूनच बहुधा वेगळे कोरून मागाहून बसवतात.