मोठे शोधायचेत? मग धाकट्याला दारात बसवा

कोडिंगच्या इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न: दहा लाख आकड्यांच्या ॲरेतून (म्हणजे ओळीने मांडलेल्या आकड्यांतून) सर्वांत मोठे दहा काढा. कुणी सरळ सगळा ॲरे सॉर्ट करतं, म्हणजे क्रमाने लावतं. थोडा अभ्यास झालेले ‘हीप’ म्हणतात, म्हणजे आकड्यांचं झाड, आणि सर्वांत मोठा शेंड्यावर ठेवणाऱ्या मॅक्स-हीपकडे धावतात. मोठे हवेत ना, मग मॅक्स! इथे नेमकी उलटी चाल लागते: सर्वांत लहान शेंड्यावर ठेवणारा मिन-हीप. त्यात हवे तेवढेच आकडे ठेवायचे; नवा आकडा शेंड्यावरच्यापेक्षा मोठा असेल तरच त्याला हाकलून आत येतो.

हीप म्हणजे क्रमाने लावलेली यादी, हा गैरसमज आधी काढून टाकू. झाडात प्रत्येक आकड्याखाली जास्तीत जास्त दोन आकडे लटकतात, ती त्याची ‘मुलं’. मिन-हीपचा नियम एवढाच, की कोणताही आकडा आपल्या मुलांपेक्षा मोठा नसावा. भावंडांत थोरलं कोण, याची त्याला फिकीर नाही. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ साली हीपसॉर्ट या सॉर्ट करण्याच्या पद्धतीसाठी ही रचना मांडली. गंमत म्हणजे हे झाड साध्या ॲरेत मावतं: मोजणी १ पासून धरली तर ५व्या जागेची मुलं १०व्या आणि ११व्या जागी.

आता ७, २, ९, ४, ११, ५ यांतले मोठे तीन काढू. पहिल्या तिघांचा मिन-हीप: २, ७, ९. शेंड्यावर २, म्हणजे निवडलेल्यांतला सर्वांत कच्चा. ४ आला, २ला हाकलून शेंड्यावर बसला. मग ११ आला, ४ गेला. पण ११ मुलांपेक्षा मोठा, म्हणून धाकटा ७ वर सरकला आणि ११ खाली. ५ आला तर शेंड्यावर ७, दारातूनच परत. उरले ७, ११, ९. क्रम नाही, पण उत्तर बरोबर.

दहा लाखांत असे किती जण आत शिरतील? आकडे वेगवेगळे आणि पिसलेल्या पत्त्यांसारखे आले, तर हजारावा आकडा तोवरच्या पहिल्या दहांत असण्याची शक्यता १०/१०००, लाखाव्याची १०/१०००००. अकराव्यापासून शेवटच्यापर्यंत या शक्यतांची बेरीज होते सुमारे ११५. म्हणजे सरासरी ११५ वेळाच हीप हलतो; बाकीच्यांचा निकाल एकाच तुलनेत लागतो. सॉर्ट करायला साधारण दोन कोटी तुलना लागल्या असत्या. ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा चूक झाली असं वाटून पुन्हा केली होती.

‘हे शंभर प्रश्न पाठ करा, नोकरी पक्की’ असली यादी ताईतासारखी बाळगणाऱ्यांची दांडी इथेच उडते. पुढचा प्रश्न येतो: ॲरे चढत्या क्रमानेच आला तर? मग ११५ विसरा, प्रत्येक नवा आकडा शेंड्यावरच्याला हुसकावणार. आणि सगळा ॲरे मेमरीत हाताशी असेल, तर टोनी होअर यांचं १९६१चं क्विकसिलेक्टही (सगळं सॉर्ट न करता हवे तेवढे मोठे वेगळे काढण्याची पद्धत) सरासरीत झकास चालतं. हीपची खरी मजा आकडे एकेक करून येत राहतात तेव्हा. दहाच जागा अडवायच्या, आणि आत आलेला आकडा खाली उतरलाच तर जास्तीत जास्त तीन पायऱ्या.